दृश्यातला अडसर

कथालेखनात काही काळ रमलेला मनुष्य पटकथेकडे वळला की त्याच्या हातून सर्वप्रथम काढून घेतले जाते ते पात्राचे मन. ‘तिला माहेरची आठवण झाली’ हे वाक्य कथेत सुखाने नांदते. पटकथेत त्याला थारा नाही, कारण आठवण कॅमेऱ्याला दिसत नाही आणि ध्वनिमुद्रकाला ऐकू येत नाही. पंचनामा लिहिणारा हवालदार ‘सदर इसम दुःखी होता’ असा अभिप्राय नोंदवीत नाही, ‘ताटातील अन्न शिल्लक’ एवढेच लिहितो, आणि वाचणाऱ्याने काय ते समजावे अशी त्याची अपेक्षा असते. पटकथाकारालाही प्रारंभी हीच वहिवाट अंगी बाणवावी लागते. आमच्याकडे पान उभे दुभागून डावीकडे कृती आणि उजवीकडे संवाद लिहिण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिचा मोठा लाभ असा की डावी बाजू कोरी पडू लागली म्हणजे लेखक पात्रांना नुसते बोलायला लावीत सुटला आहे हे वाचण्याआधीच डोळ्यांना कळते.

परंतु पंचनामा कितीही चोख उतरला तरी त्याचे दृश्य होत नाही. दोन माणसे समोरासमोर बसली आहेत, चहा घेत आहेत, एकमेकांस ठाऊक असलेलीच हकीकत केवळ प्रेक्षकाच्या माहितीसाठी एकमेकांना सांगत आहेत, अशी पानेच्या पाने नवशिक्यांच्या मसुद्यांत आढळतात. आणि एका पानाला पडद्यावर सुमारे एक मिनिट हा व्यवसायातला ढोबळ हिशेब ध्यानी घेतला, तर तेवढी मिनिटे प्रेक्षकाने कशाच्या आशेवर बसून राहावे, याचे उत्तर त्या मसुद्यांत नसते. माझ्या समजुतीप्रमाणे दृश्याला प्राण येतो तो एका पात्राच्या निकडीच्या इच्छेने आणि त्या इच्छेच्या वाटेत पडलेल्या अडसराने. त्यातही अडसर त्या स्थळातून, त्या वेळेतून, तिथल्या रीतिरिवाजातून निघालेला असावा. ऐन वेळी दार वाजणे किंवा फोन येणे ही लेखकाने परस्पर केलेली तजवीज असते, आणि प्रेक्षक ती तात्काळ ओळखतो.

असे समजा की, वडिलार्जित जमिनीवरचा हिस्सा बहिणीने सोडून द्यावा म्हणून हक्कसोडपत्र घेऊन एक भाऊ तिच्या घरी आला आहे. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा असल्यामुळे हे प्रकरण गावोगाव परिचयाचे आहे. पहिल्या मसुद्यात बहुधा भाऊ कायद्याविषयी बोलतो, बहीण वडिलांविषयी बोलते, आवाज चढतात, कोणीतरी रडते, आणि सारे मनातले बाहेर सांडून गेल्यामुळे पुढच्या दृश्यासाठी काही उरत नाही. आता हाच प्रसंग भाऊबीजेच्या संध्याकाळी नेऊन ठेवावा. पाट मांडलेला आहे, भोवती रांगोळी आहे, भावाने टोपी घातली आहे, बहीण निरांजन घेऊन ओवाळते आहे, भाचरे शेजारी उभी आहेत; आणि मुद्रांकाच्या कागदाची घडी बंडीच्या आतल्या खिशात आहे. ज्या क्षणी बहिणीने मागायचे आणि भावाने द्यायचे, नेमक्या त्याच क्षणी मागायला आलेला भाऊ पाटावर बसला आहे, आणि रीत त्याचे तोंड धरून ठेवते. तो तबकात नोटा टाकतो. दरवर्षीपेक्षा त्या पुष्कळ जास्त आहेत. बहीण त्यांच्याकडे पाहते आणि एवढेच म्हणते, ‘‘एवढे कशाला रे?’’ भाऊ टोपी सारखी करतो. येथे दृश्य तोडावे. सही होते की नाही हा पुढचा प्रश्न. तो घेऊनच प्रेक्षकाने पुढच्या दृश्यात प्रवेश केला पाहिजे.

अडसर किती दूरचे बोलू शकतो याचा, मराठी पडद्यावरचा माझ्या दृष्टीने सर्वोत्तम दाखला नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) आहे. गावाने नेमून दिलेले डुक्कर पकडण्याचे काम जब्या या शाळकरी नायकाचे कुटुंब करीत असते. शाळेतली मुले पाहतील या लाजेने जब्या अर्धमेला झालेला असतो. आणि डुक्कर हाती लागण्याच्या बेतात असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुकराला तेवढे कोणतेच बंधन नसते. कोणी भाषण केले नाही, कोणी अन्यायाची फिर्याद मांडली नाही. शाळा गावात आहे, तेव्हा राष्ट्रगीत होणारच, इतके ते साधे आहे, आणि म्हणूनच ज्यांना राष्ट्र समानतेचे वचन देते आणि गाव डुकरांमागे पळवते त्यांची सारी कैफियत त्या निश्चल उभे राहण्यात मावते. हा योगायोग मी लेखकाची लबाडी मानीत नाही, कारण तो त्या स्थळाच्या पोटातूनच निघाला आहे.

ध्वनीची ही शक्ती आमच्याकडे नवी नव्हे. प्रभातच्या ‘कुंकू’त (1937) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताचा आधार न घेता प्रसंगातल्याच आवाजांवर काम भागवले, आणि केशवराव दाते यांनी साकारलेल्या वृद्ध वकिलाच्या घरातले जुने घड्याळ त्यामुळे जवळजवळ एक पात्र होऊन बसले. पटकथा लिहिताना डाव्या बाजूला ‘घड्याळाचा टिकटिक आवाज’ एवढे तीन शब्द लिहिण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी तो चित्रपट अवश्य पाहावा.

संवादाविषयी फार सांगण्यासारखे नाही. अडसर बळकट असेल तर संवाद आपोआप तोकडे होतात. बांधणीच्या आराखड्याविषयीही थोडेच सांगतो. सिड फील्ड यांच्या 1979 च्या प्रसिद्ध पुस्तकापासून तीन अंकांच्या आराखड्याचे जे माहात्म्य वाढले, ते संपूर्ण चित्रपटाच्या बांधणीपुरते उपयोगी आहे खरे. पण एका खोलीत दोन माणसे समोरासमोर बसवायची वेळ आली म्हणजे तो आराखडा फारशी मदत करीत नाही, असे माझे मत आहे.

तेव्हा ज्याला हे शिकण्याची मनापासून इच्छा असेल त्याने आवडत्या चित्रपटातले एकच दृश्य निवडावे, ते थांबवून थांबवून पाहावे, आणि पान दुभागून, दिसेल आणि ऐकू येईल तेवढेच स्वहस्ते उतरवून काढावे. मग कोणाला काय हवे होते आणि कशाने अडवले, हे खाली एका ओळीत लिहावे. महागड्या कार्यशाळेची फी भरण्यापूर्वी एवढे जरूर करून पाहा.