दत्तक खेळ

मराठीचा प्राध्यापक आणि बेसबॉलचा शौकीन, हे ऐकलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं पाहतात. विटीदांडूच्या मुलखात क्रिकेट खपून गेलं, पण बेसबॉल म्हणजे अतीच झालं, असा त्या पाहण्याचा अर्थ असतो. 2024 च्या मे महिन्यात, सुट्टीत, गाठीचे पैसे मोडून मी दहा दिवसांसाठी जपानला निघालो, तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, इतक्या लांब जाऊन चेंडूच बघायचा ना? तो शिवाजी पार्कवरही दिसतो की!"

टोकियोत माझा भाचा नोकरीला आहे. त्यानं बेत छान आखला होता. दिवसा देवळं, संध्याकाळी सामने. असाकुसाच्या देवळातला तो अवाढव्य लाल कंदील पाहून झाला आणि त्यानं मला उएनोच्या बागेत नेलं. तिथं एक साधंसं बेसबॉलचं मैदान आहे. नाव मात्र एका कवीचं! मासाओका शिकी. हायकूला नवा जन्म देणारा हा कवी विद्यार्थिदशेत या बागेत बेसबॉल खेळे. मैदानाला कवीचं नाव देणारा देश पाहून या मास्तराची छाती उगीचच फुगली.

जवळच नेगिशीला शिकीचं घर आहे. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ते जळलं आणि 1950 साली पुन्हा बांधलं गेलं. घर बेताचंच, अंगणात घोसाळ्याचा मांडव. त्या वेलाचं पाणी खोकल्यावर औषध म्हणून घेत. शिकीला क्षयानं गाठलं होतं, तो कण्यात उतरला होता. मैदान सुटलं, अंथरूण उरलं. त्या अवस्थेत 1896 साली त्यानं वर्तमानपत्रात बेसबॉलवर लेख लिहिले आणि परक्या खेळासाठी जपानी शब्द दिले. फलंदाजाला 'दाशा', धावणाऱ्याला 'सोशा'. 1902 साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. ज्याला कूस बदलणं कठीण झालं होतं, त्यानं धावणाऱ्यासाठी शब्द घडवावा! मी त्या मांडवाखाली बराच वेळ उभा राहिलो.

संध्याकाळी जिंगूच्या मैदानावर गेलो. हे मैदान 1926 सालचं. बेब रूथही 1934 साली इथं खेळून गेला. इथली एक गंमत सांगतो. यजमान संघाची धाव झाली की प्रेक्षक छोट्या छोट्या छत्र्या उघडतात आणि गाण्याच्या ठेक्यावर वरखाली नाचवतात. पावसाचा थेंब नाही! शेजारच्या आजीबाईंनी आपली छत्री माझ्या हातात दिली आणि मान हलवून 'नाचवा' असं सुचवलं. नाचवली. वर्गातल्या मुलांनी पाहिलं नाही, हे बरं झालं.

भाचा मला फलकावरचे शब्द वाचून दाखवत होता. शिकीचे शब्द सव्वाशे वर्षांनंतरही जागच्या जागी होते. पण कानावर 'सुतोराइकु', 'होमुरान' असेही शब्द येत होते. 1943 साली, ऐन युद्धात, बेसबॉलमधल्या इंग्रजी शब्दांवर बंदी आली. 'स्ट्राइक'ऐवजी 'योशी' म्हणायचं, असं ठरलं. युद्ध संपलं आणि ते शब्द वाफेसारखे उडून गेले. दारी हुकमानं आलेला शब्द हुकूम संपताच निघून गेला. अंथरुणावरून प्रेमानं धाडलेला घरचा झाला. मराठीची काळजी परिपत्रकांनी वाहणाऱ्या आम्हा मंडळींनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

मग हिरोशिमा. सकाळी तो सांगाडा झालेला घुमट पाहिला. 6 ऑगस्ट 1945. तिथं बोलायचं नसतं. त्याच्याच समोर 1957 साली या शहरानं बेसबॉलचं मैदान बांधलं होतं. आता तिथं बाग आहे, आणि 2009 पासून सामने रेल्वे स्टेशनाजवळच्या नव्या मैदानावर होतात. माझ्या मनात सारखा एकच प्रश्न होता. बॉम्ब टाकणाऱ्यांचाच हा खेळ. राखेतून उठणाऱ्या गावाला तो कसा रुचला?

आणि नुसता रुचला नाही. 'कार्प' हा संघ 1950 साली खेळू लागला, आणि 1951 साली खेळाडूंच्या पगारालाही पैसे उरले नाहीत. तेव्हा मैदानाबाहेर साकेचं लाकडी पिंप ठेवलं गेलं. ज्यांची घरं गेली होती, माणसं गेली होती, त्यांनी त्यात नाणी टाकली. संघ तगला. पहिलं अजिंक्यपद यायला मात्र 1975 साल उजाडलं.

रात्री सामन्याला सारं मैदान लाल टोप्यांनी फुललं होतं. शेजारी एक आजोबा होते. त्यांच्या वडिलांनी त्या पिंपात पैसे टाकले होते, असं त्यांनी भाच्याला सांगितलं. मी धीर करून त्याच्याकरवी विचारलं, "अमेरिकेचा खेळ म्हणून राग नाही आला त्यांना?"

आजोबांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "अमेरिकेचा? कार्प हिरोशिमाचा आहे."

आणि ते पुन्हा खेळ पाहू लागले. मला वाटतं, पोर दत्तक येतं ते कागदावर सही झाली की. पण आपलं होतं ते कुणीतरी त्याच्यासाठी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला की. खेळाचं तसंच आहे, आणि भाषेचंही.