तीन महिन्यांची मुदत

ताप येतो नि जातो, मोडलेले हाड सांधते. काही आजार मात्र घरच्या माणसासारखे मुक्कामाला राहतात. मेलानोमा हा त्यांतलाच. आमच्या घरात तो 2019 साली आला. पाय ह्यांचा, पण तारखा, फायली आणि रात्रीची जागरणे दोघांची. म्हणून आम्ही ‘आमचा आजार’ असेच म्हणतो.

ह्यांच्या डाव्या टाचेवर तिळाएवढा काळा डाग होता. वजू करताना पाय धुवायचे, त्यामुळे तो वाढतो आहे हे ध्यानात आले. कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे तपकिरी तर कुठे काळाकुट्ट. गावात कुणी कुरूप म्हणाले, कुणी चपलेचा घट्टा. शेवटी तुकडा काढून तपासला आणि नाव कळले. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो बहुधा उन्हामुळे होतो. आपल्यासारख्या सावळ्यांत तो मुळात कमी. पण झालाच तर अनेकदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली निघतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी ह्याच आजाराने गेला. त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती.

टाचेचे ऑपरेशन झाले, मांडीची कातडी तिथे लावली. पायावर पट्टी होती तोवर मौलानांनी सांगितल्याप्रमाणे पट्टीवरून ओला हात फिरवून वजू होत असे. आम्हांला वाटले, सुटलो. 2021 मध्ये जांघेत गाठ आली. तिथल्या गाठी काढल्या, तेव्हापासून पाय सुजतो. घट्ट मोजा घातल्याशिवाय चालवत नाही. नमाज खुर्चीवर आली. 2023 मध्ये फुप्फुसात ठिपके दिसले.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी चिपळूणहून रात्रीच्या एस.टी.ने मुंबई, कुर्ल्याला मामूंकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सलाईनमधून औषध. हे औषध केमोथेरपीसारखे पेशी मारत नाही. शरीरातल्या लढाऊ पेशींना कर्करोग जो ब्रेक लावून ठेवतो, तो ते सोडवते. हे ब्रेक शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो ह्यांना 2018 चे नोबेल मिळाले. पण ब्रेक सुटलेल्या पेशी कधी घरच्यांवरही हात टाकतात. ह्यांची थायरॉइड ग्रंथी त्यांनी निकामी केली. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी जन्माची. अंगाला खाज सुटते. एकदा जुलाब इतके लागले की औषध दोन महिने थांबवून स्टेरॉइड द्यावे लागले.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांचा मेलानोमा 2015 मध्ये यकृत आणि मेंदूपर्यंत गेला होता. ह्याच जातीच्या औषधाने ते सावरले आणि 2024 मध्ये वयाची शंभरी पार करून वारले. नातेवाईक ही गोष्ट आम्हांला वारंवार सांगतात. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले आहे, की तळपायाचा मेलानोमा ह्या औषधाला तितकी दाद देत नाही. आमचे ठिपके लहान झाले. 2024 मध्ये एक नवा आला, त्याला किरणे दिली. औषध चालूच आहे.

शेजारी विचारतात, “मग आता बरे झाले ना?” सुरुवातीला आम्ही ‘हो’ म्हणून टाकत होतो. पण मग पुढच्या खेपेला सगळे पुन्हा सांगावे लागे, आणि लोकांचे चेहरे पडत ते आम्हीच सावरत बसू. आता आम्ही सांगतो, “आटोक्यात आहे. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी.” एवढेच खरे आहे. स्कॅनच्या आधीचा आठवडा वाईट जातो. घरात भांडे आपटले तरी दोघे दचकतो. निकाल चांगला आला की मुदत वाढल्यासारखे वाटते, आणि तीत मावतील तेवढीच कामे आम्ही हाती घेतो: कौले चाळणे, नातीची बिस्मिल्लाखानी, बहिणीकडे चार दिवस. रमजानमध्ये ह्यांच्या रोज्यांचा फिदया देतो आणि इफ्तारीला शेजारी बसवतो.

उमेद सोडायची नाही, आणि खोटी धरायचीही नाही. हे दोन्ही एकाच वेळी जमवणे गोळ्या-औषधांपेक्षा अवघड आहे. काही दिवस जमते, काही दिवस नाही. वाचकांना सांगण्यासारखे एकच. पाय आपण रोज धुतो. कधी तळपाय उलटा करून पाहावा. वाढणारा, रंग बदलणारा डाग दिसला, तर मलम लावत बसू नये, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावा. आमचा पुढचा स्कॅन पावसाळा संपल्यावर आहे. तोवर नातीला तिचा पहिला धडा शिकवायचा आहे, आणि ते काम ह्यांनी स्वतःकडे घेतले आहे.