आत्या, फॉरमॅटला हो म्हणू नकोस

ती. आत्या,


जात्यावरच्या ओव्या टाइप करून ठेवलेला तुझा कॉम्प्युटर सुरू होईना, दुकानातला मुलगा फॉरमॅट मारून देतो म्हणाला आणि तू जवळजवळ तयार झालीस, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. घरात जुना कॉम्प्युटर जपून ठेवलेल्या आणखी कुणाला याचा उपयोग झाला तर आनंदच आहे.

कॉम्प्युटर सुरू न होणं वेगळं आणि त्यातलं लिखाण जाणं वेगळं. बटण दाबलं की आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, जागं होतं, मेमरी-कीबोर्ड तपासतं आणि मग हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर वाचतं. हा सेक्टर अवघा ५१२ बाइटचा. पहिल्या ४४६ बाइटमध्ये विंडोजपर्यंत नेणारा छोटासा प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटमध्ये डिस्कचे भाग कुठून सुरू होतात याची नोंद, शेवटच्या दोन बाइटमध्ये ओळखीची खूण. एवढ्याशा जागेत काही बिघडलं, किंवा बायोसला डिस्कच सापडली नाही, की काळ्या पडद्यावर ‘डिस्क बूट फेल्युअर’ उमटतं. तुझ्या ओव्या या सेक्टरमध्ये नसतात. त्या डिस्कवर दुसरीकडे असतात, आणि पुष्कळदा सुखरूप असतात.

सुरू करताना तारीख कित्येक वर्षं मागची दिसते, असं तू ओघात सांगितलंस. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची गोल चपटी बॅटरी असते. वीज बंद असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग ती सांभाळते. ती संपली की कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, हे बायोसच्या लक्षात राहत नाही. विंडोज एक्सपी बसवताना ही पद्धत ‘आयडीई’ असेल आणि आता ती ‘एएचसीआय’ झाली असेल, तर निळा पडदा येऊन सगळं थांबतं. डिस्क मात्र ठणठणीत असते. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग बायोसमध्ये तारीख लावायची आणि यादीत हार्ड डिस्कचं नाव दिसतं का ते पाहायचं. दिसलं तर निम्मी काळजी मिटली. मागे एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का, तेही बघ. बायोस कधीकधी त्याच्यावरूनच सुरू व्हायला जातं आणि अडतं.

नाव दिसलं नाही तर केबल. रत्नागिरीच्या दमट हवेत जोडाच्या पिनांवर गंज चढतो. केबल काढून पुन्हा नीट बसवली तरी काही वेळा डिस्क ओळखली जाते.

पण या सगळ्याच्या आधी कान दे. डिस्क एकसारखी घरघरत असेल तर ठीक. ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येत असेल, तर तिथेच बंद कर आणि पुन्हा सुरू करून बघू नकोस. डिस्कवरचं वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ते बिघडलेलं असताना प्रत्येक प्रयत्नात तबकडी खरवडली जायची भीती असते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस. आत दव धरतं. अशी डिस्क डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेतच जायला हवी. खर्च माझा.

आवाज ठीक असेल, तर दुरुस्तीच्या आधी प्रत, यावर मी अडून बसणार आहे. ‘चेकडिस्क’ दुरुस्तीसाठी चालवलं की ते डिस्कवर लिहायला लागतं, आणि दुबळ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं धोक्यात घालणं. डिस्क काढून यूएसबी केबलने माझ्या लॅपटॉपला लावायची, लिनक्सवरून ‘डीडीरेस्क्यू’ने तिची हुबेहूब नक्कल करायची. हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणारे सेक्टर मागे ठेवतो आणि कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतो. विंडोजला लावलीस तर ‘फॉरमॅट करायचं का?’ असा प्रश्न येऊ शकतो. तिथे ‘नाही’च म्हणायचं. ‘फिक्सएमबीआर’, ‘फिक्सबूट’ वगैरे बूट दुरुस्त करणाऱ्या आज्ञा प्रत हातात आल्यावर.

आणखी एक. तू ओव्या टाइप केल्यास त्या युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये. त्यात ‘क’च्या जागी प्रत्यक्षात कुठलंतरी रोमन चिन्ह साठवलेलं असतं. तो फाँट असला तरच ते ‘क’ दिसतं. नुसत्या वर्डच्या फाइली काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर गिचमीड दिसेल आणि कुणीतरी त्या खराब झाल्या म्हणून टाकून देईल. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फाँट्स’ही सोबत घ्यायचं. फॉरमॅट करणारा ‘माय डॉक्युमेंट्स’ काढून ठेवेल एकवेळ, फाँट्सचा विचार तो करणार नाही. युनिकोडमध्ये नंतर आपण बसून बदलून घेऊ.

ज्या बायकांनी जात्यापाशी बसून तुला त्या ओव्या सांगितल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. त्यांच्या तोंडचे शब्द दुसरीकडे कुठे लिहिलेले नाहीत. डिस्क दुकानातून नवी आणता येईल, या ओव्या कुणाकडे मागायच्या?

येत्या शनिवारी केबल, बॅटरी आणि रिकामी डिस्क घेऊन मी येतोय. तोवर प्लग काढून ठेव. दुकानातल्या मुलाला सांग, भाचा बघतोय म्हणून.

तुझा,
भाचा