आखाड्यातले मन आणि उतारावरचे मन

कुस्ती ऐन रंगात आलेली असताना मैदानातील सर्वांत शांत माणसे कोणती, असे कोणी विचारले, तर उभे आयुष्य लाल मातीत घालविलेल्या माझ्यासारख्या वस्तादाला परस्परांस भिडलेल्या त्या दोन मल्लांकडेच बोट दाखवावे लागेल. रोमचे कलोसियम पाहून आलेल्या शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात जे खासबाग मैदान बांधविले आणि जे १९१२ साली खुले झाले, त्याच्या सभोवारच्या उतारावर हजारो माणसे दाटीने बसतात. हलगी कडाडू लागली, की तेथे कोणी फेटा उडवितो, कोणी शेजाऱ्याचा दंड नकळत आवळून धरतो. मल्लाला तशी मुभा नाही. खडाखडी चालू असता मानेवर पडलेल्या पंजाचा भार किती, समोरच्याचा दम उखडू लागला आहे काय, त्याचा पुढचा पाय पट काढण्याजोगा सापडतो की नाही, एवढाच हिशेब त्याच्या चित्तात चालतो, आणि त्यात क्रोधाचा वा हर्षाचा शिरकाव झाला, की डाव हुकतो.

यावरून मल्लाची आस्था उणी असते, असे मात्र कोणी समजू नये. ती पहाटेच्या जोर-बैठकांत, मातीत ताक, तेल आणि हळद कालविण्यात, खुराकासाठी बापाने काढलेल्या कर्जाच्या काळजीत वर्षभर खर्ची पडत असते. मैदानाच्या दिवशी उधळायला फारशी शिल्लकच राहत नाही. शौकिनाचा सारा जीव त्या थोड्या मिनिटांत एकवटतो, आणि त्याचे हात मात्र बांधलेले असतात. हरलेला मल्ल दुसऱ्या पहाटे हुकलेला डाव पुन्हा घोटू लागतो; शौकिनापाशी हारीवर असा काही इलाजच नसल्यामुळे तो ती वर्षानुवर्षे उरात वागवितो. दोन तालमींचे पैलवान रात्री एका पंगतीला बसतात, तेव्हा त्यांच्या पेठांतली माणसे एकमेकांशी अबोला धरून असतात.

उदाहरणच द्यायचे, तर आमच्या भागातले मल्ल खाशाबा जाधव यांना १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये जपानी मल्ल इशी याच्याशी झुंजल्यावर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न देता सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. ही गोष्ट निघाली, की जन्मात हेलसिंकी न पाहिलेल्या आमच्याकडील वृद्धांचे डोळे अजून लाल होतात. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा कराडच्या रयतेने शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. स्वतः खाशाबांनी मात्र त्यानंतर कुस्त्यांची मैदाने भरवून, आपल्या प्रवासासाठी घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्य खर्डेकरांचे देणे फेडण्याची तजवीज केली. मला ती मिरवणूक आणि ती परतफेड या दोहोंचे सारखेच मोल वाटते.

दरबारचा आश्रय सरल्यावर कुस्ती तगली ती जत्रेच्या वर्गणीवर, आणि ही वर्गणी देणारा माणूस कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आपले काळीज परक्याच्या पोराच्या स्वाधीन करतो. अशा माणसाला अडाणी, अतिरेकी म्हणून हिणविणारे मल्ल मी पाहिले आहेत, आणि मला त्यांचा संताप येतो. म्हणून आमच्या तालमीचा पोर हरला, की अंगाची माती पुसण्यापूर्वीच मी त्याला उताराकडे पाठवितो. गावाहून आलेल्या मंडळींना त्याने वाकून नमस्कार करावा, आणि ‘कुस्तीत हारजीत चालायचीच’ हे वाक्य, त्याच्यापुरते ते कितीही खरे असले, तरी त्यांच्यासमोर उच्चारू नये, अशी माझी त्याला सक्त ताकीद असते.