राहाबेचे असत्य

आबिड्सवरील सेंट जॉर्ज चर्चवरून जाताना आम्हांस यरीहोची राहाब आठवते. हेरांना धाब्यावर लपवून, ते केव्हाच गेले, असे तिने राजाच्या माणसांस सांगितले. संत ऑगस्टीन यांच्या मते असत्य हे पापच. गौरव तिच्या दयेचा. याकोबाच्या पत्रातही आश्रयाचा उल्लेख आहे, खोट्याचा नाही. तर्क चोख खरा, आणि भाव फुगवून सांगणाऱ्या दुकानदारास राहाबेचा दाखला मिळत नाही हे बरेच! परंतु १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राज्य कोसळल्यावर कित्येक हिंदूंनी प्राण पणाला लावून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले, असे पंडित सुंदरलाल समितीने नोंदविले आहे. दाराशी जमाव उभा असता ‘आत कोणी नाही’ हे शब्द त्या दयेपासून वेगळे कसे काढावयाचे? तेथे ख्रिस्ती गृहस्थ असता, तर त्यानेही तेच म्हणावे, आणि त्याचा झाडा मागाहून देवापुढे द्यावा, असे आम्हांस वाटते.