आसूढाळ घोडा

आमचे आजोबा घोड्यापुढे पळत. सरकारी साहेब गावच्या मुक्कामाला आला की वतनदार महाराने त्याच्या घोड्यापुढे पळायचे, गवताचा भारा आणायचा, रात्रभर राखण करायची, असा तेव्हाचा रिवाज होता. घोड्याचे सगळे करायचे, फक्त पाठीवर बसायचे नाही. हे वतन म्हणजे गुलामी, हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. आजोबा म्हणायचे, "त्या दिवशी माझे पाय थांबले."

त्यांच्या नातवाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या दारात आज पैदाशीचा घोडा उभा आहे.

आमचे गाव तापीकाठचे. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आम्हाला जवळ. घोड्यांचा एवढा मोठा बाजार महाराष्ट्रात थोडाच भरतो. माझा भाऊ लहानपणापासून तिथे जाऊन घोडे बघत उभा राहायचा. बारावी नापास झाला, मग लग्नाच्या घोड्यांवर नोकर म्हणून राहिला. मी त्याच्यावर चिडायचे. शिकला असता तर कुठे चिकटला असता, असे मला वाटे. २०१७ च्या यात्रेत त्याने साठवलेले १७ हजार रुपये देऊन दोन वर्षांचा एक घोडा आणला. एवढ्या उंच, उमद्या घोड्याची किंमत खरे तर कितीतरी जास्त. पण त्याच्या डोळ्याखाली भोवरा होता. अशा घोड्याला 'आसूढाळ' म्हणतात. तो मालकाला रडवतो अशी समजूत. म्हणून त्याला कुणी विचारत नव्हते.

भाऊ म्हणाला, "ताई, केसांना पीळ पडलाय एवढंच. त्यात रडण्यासारखं काय आहे? आपण कुठे शकुन-अपशकुन मानतो?"

अशुभ ठरवून बाजूला सारलेला घोडा, अशुभ ठरवून बाजूला सारलेल्या माणसांच्या वस्तीत आला. त्याचे नाव आम्ही कंथक ठेवले. सिद्धार्थ ज्या घोड्यावर बसून घराबाहेर पडला, त्याचे नाव.

तीनच महिन्यांत वाईट बातमी आली. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात २९ मार्च २०१८ रोजी एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगतो, घोड्यावर बसतो याचा राग होता, असे त्याच्या वडिलांनी पोलिसांना सांगितले. पेपर वाचून आमची माय दोन दिवस जेवली नाही. एकच म्हणायची, "भाऊ, तो घोडा ईकी टाक." भावाने विकला नाही. पण पुढे वर्षभर तो घोड्यावर बसून गावातून गेला नाही. लगाम धरून पायी न्यायचा. आजोबा पुढे पळत होते, नातू बाजूने चालत होता. मला ते फार लागले.

कंथक चार वर्षांचा झाल्यावर घोड्या दाखवायला येऊ लागल्या. हे काम बाहेरून वाटते तेवढे सोपे नाही. गाई-म्हशींसाठी सरकारी दवाखान्यात कृत्रिम रेतन होते, पण आमच्या भागात घोडी मात्र घोड्याकडेच आणावी लागते. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस राहते. आधी मध्ये आडवे दांडके घालून दोघांना समोरासमोर उभे करायचे. तिने कान मागे टाकले, लाथ झाडली, तर त्या दिवशी परत न्यायची. जबरदस्ती करायची नाही. तयार असली तर तिची शेपटी स्वच्छ फडक्याने गुंडाळायची, कोमट पाण्याने धुवायचे, मगच घोडा सोडायचा. एक दिवस आड करून दोन-तीन वेळा. एकवीस दिवसांनी पुन्हा बघायचे. घोडीने घोडा नाकारला तर बहुतेक ती भरली, असे धरायचे. मग अकरा महिन्यांनी शिंगरू.

नाक गळणारी घोडी भाऊ दारात घेत नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. म्हणून रक्त तपासल्याचा कागद असल्याशिवाय तो घोडी भरवत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइके परत जातात. जाऊ दे म्हणतो. घरात लेकरे आहेत.

मी त्याला एकच गोष्ट शिकवली, वही ठेवायची. कुणाची घोडी, रंग काय, खुणा काय, तारीख, पैसे. पुढे त्याच घोड्याची मुलगी त्याच्याकडेच भरवायला आणू नये, एवढ्यासाठीसुद्धा ही नोंद लागते. जवळच्या रक्तात पैदास केली की दोष वाढतात. शुल्क २ हजार. निम्मे आधी, निम्मे शिंगरू उभे राहिल्यावर.

फेब्रुवारी २०२२ मध्ये जवळच्या गावातल्या एका बागायतदाराने घोडी पाठवली. स्वतः आले नाहीत. गडी अंधार पडल्यावर घेऊन यायचा आणि उजाडायच्या आत परत न्यायचा. वर्ष झाले तरी उरलेले हजार आले नाहीत. भावाने विचारले तर निरोप आला, घोडी भरलीच नाही.

डिसेंबर २०२३ च्या यात्रेला मी भावाबरोबर गेले होते. तिथे त्या बागायतदाराच्या खुंट्याला अकरा महिन्यांचे शिंगरू. तीच मान, तसेच कान आत वळलेले. भाऊ जागीच थांबला. नगरकडचे एक वयस्कर घोडेवाले शिंगराचे दात, पाय बघत होते. त्यांनी विचारले, "बाप कोणता?" बागायतदारांनी दूरच्या एका नामांकित घोड्याचे नाव सांगितले.

भाऊ पुढे झाला. आवाज चढवला नाही. पिशवीतून वही काढली आणि वाचून दाखवले : तांबडी घोडी, कपाळावर चांदवा, मागचा डावा पाय पांढरा, फेब्रुवारी २०२२. घोडी शेजारीच उभी होती. चांदवा आणि पाय सगळ्यांना दिसत होते. महिने बोटांवर मोजून झाले.

बागायतदार त्याला बाजूला घेऊन म्हणाले, पण आम्हाला ऐकू येईल असेच म्हणाले, "अरे, आसूढाळ घोडा, त्यात तुमच्या वस्तीतला. तसं सांगितलं तर कोण घेईल?"

भाऊ म्हणाला, "मालक, घोड्याची जात विचारा. माझी कशाला?"

तेव्हा ते वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, मला शिंगरू न्यायचंय, सोयरीक नाही करायची!" सगळे हसले. त्यांनी भावाकडून बापाचे नाव, तारीख आणि गाव असे चिठ्ठीवर लिहून घेतले, मगच पैसे मोजले. बागायतदारांनी हजार रुपये भावाच्या हातात ठेवले. भाऊसुद्धा हसत होता. जिंकला होता तो.

मला मात्र हसू आले नाही. तो माणूस भला होता, त्याच्या मनात वाईट नव्हते. पण त्याच्या तोंडून खरे बाहेर पडले. व्यवहार चालेल, सोयरीक चालणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या त्या न झालेल्या भाषणात हेच लिहून ठेवले आहे, की सहभोजनाने जात मोडत नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्नाचा.

हे मी परक्याबद्दल लिहून थांबले असते तर सोपे होते. पण यात्रेहून परतल्यावर आठवडाभरातच माझी भाची, भावाची मुलगी, आपल्या मनातले बोलली. ती धुळ्याला नर्स आहे. मुलगा तिच्याच दवाखान्यात तंत्रज्ञ. निर्व्यसनी, घरात बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो. कुटुंब मातंग समाजातून धम्मात आलेले. भावाचा चेहरा पडला. म्हणाला, "मुलगा चांगला आहे गं ताई, पण आपल्यातला असता तर बरं झालं असतं. लोक काय म्हणतील?"

मी म्हटले, "म्हणजे तूही अंधारातच घोडी आणणार?"

तो काही बोलला नाही. उठून कंथकाला खरारा करायला गेला.

त्या रात्री मी त्याला सुत्तनिपातातले वासेट्ठ सुत्त समजावून सांगितले. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण वाद घालत तथागतांकडे जातात. माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने, हा त्यांचा वाद. तथागत सांगतात की गवत, झाडे, किडे, चतुष्पाद प्राणी, साप, मासे, पक्षी यांच्यात जन्मानेच वेगवेगळ्या खुणा असतात. माणसाच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत तशी वेगळी खूण नाही. घोड्याची जात भावाला लांबून ओळखता येते, मान बघून, कान बघून. त्या मुलाच्या अंगावर त्याला कोणती खूण दिसली? डोळ्याखालचा भोवरा न मानणारा माणूस हा न दिसणारा भोवरा कसा मानतो?

सकाळी भाऊ म्हणाला, "ताई, रविवारी त्यांना बोलावून घे."

मे २०२४ मध्ये गावच्या विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन मंगल परिणय झाला. जावयाने कंथकावर बसून यावे अशी भावाची फार इच्छा होती. पण जावई घोड्याला घाबरला! पायीच आला. मग भाऊच कंथकावर बसला आणि गावातून, मोठ्या रस्त्याने, विहारापर्यंत सगळ्यांच्या पुढे गेला. माय दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. आसूढाळ घोड्याने आमच्या घरात कुणाला रडवले असेल तर ते एवढेच.

बंधू-भगिनींनो, आपण शकुन सोडले, देव्हारे सोडले. स्थळ बघताना "आपल्यातले आहे ना?" हा प्रश्न तेवढा अजून आपल्या जिभेवर आहे. तोही सोडू या.

जय भीम.