नाव न विचारणारी खिडकी

ओसाकाच्या नांबा भागात आमची शेवटची ट्रेन चुकली. रात्रीचे साडेबारा. टॅक्सी परवडणारी नव्हती, बाकी हॉटेलं भरलेली. पुतण्या फोनवर संकोचत म्हणाला, "चाची, जवळच लव्ह हॉटेल आहे. स्वस्त पडेल, स्वच्छही असतं."

ऐकूनच मी ओढणी सावरली. पण थंडीत किती वेळ उभं राहणार?

दारावर दोन दर होते : 'रेस्ट' म्हणजे काही तासांचा, 'स्टे' म्हणजे रात्रीचा. आत भिंतीवर खोल्यांचे फोटो. ज्याखाली दिवा पेटलेला, ती खोली रिकामी. यांनी बटण दाबलं. लहानशा खिडकीतून फक्त दोन हात दिसले. पैसे घेतले, किल्ली दिली. पाहुण्याचा चेहरा दिसू नये म्हणूनच ती खिडकी तेवढी. आमचं नावही कुणी विचारलं नाही.

मला वीस वर्षांपूर्वीची रात्र आठवली. बी.एड.च्या परीक्षेसाठी हे सोबत आले होते. लॉजवाल्याने रजिस्टरात आमची नावं वाचली आणि म्हणाला, "रूम फुल." आमच्या मागे आलेल्या जोडप्याला किल्ली मिळाली. माझ्या पर्समध्ये निकाहनामा होता. तो दाखवायची वेळच आली नाही. ती रात्र आम्ही एसटी स्टँडवर काढली.

खोलीत गुलाबी दिवे, भिंतभर आरसा. मी आरशावर चादर टाकली, फोनवर किब्ला पाहिला आणि इशाची नमाज अदा केली. हे म्हणाले, "बदनाम जागा आहे, नाही?"

"हो," मी म्हणाले, "पण इथे आपल्याला कुणी परत पाठवलं नाही."